कापडाचं तोंड

सोलापूरला विमानाचे भाग बनतात असं सांगितलं की माणसं आधी हसतात. मग विचारतात, म्हणजे काय, विमानात घालायच्या चादरी का? सात रस्ता चौकातल्या रिक्षावाल्यापासून माझ्या नणंदेपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. पूर्वी मी समजावत बसायचे. आता म्हणते, व्हय, चादरीच, फक्त काळ्या आणि पंखाखाली अंथरायच्या.

तसं ते अगदीच खोटंही नाही. आमच्या शेडमध्ये कार्बनच्या धाग्याचं विणलेलं कापड येतं, राळ आधीच मुरवलेलं, फ्रीझरमध्ये ठेवावं लागणारं. ते मापानं कापायचं, साच्यावर एकावर एक थर लावायचे, वरून प्लास्टिकची पिशवी चढवून आतली हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत भाजायचं. बाहेर निघतो तो तुकडा पत्र्यासारखा कडक, पण उचलला तर पुठ्ठ्याइतका हलका. थर लावायचं काम माझं. त्यासाठी वर्षभर शिकले, परीक्षा दिली, तेव्हा कुठं कार्ड मिळालं. कार्ड असेल त्यानंच साच्याला हात लावायचा, बाकीच्यांनी कडा घासायच्या नाहीतर पॅकिंग करायचं. चाळिशीला टेकलेल्या, बारावीवर थांबलेल्या बाईला ते कार्ड म्हणजे काय, हे मी कुणाला सांगत बसत नाही.

तर झालं असं. पंखाच्या खालच्या अंगाला, आतल्या तारा तपासायला एक झाकण असतं, जेवणाच्या ताटाहून थोडं मोठं. ते काम आमच्याकडे नवीन आलं होतं. चार थर, सगळे तिरके कापलेले. पहिली तीन झाकणं भट्टीतून निघाली, सपाट दगडी टेबलावर ठेवली आणि तिन्ही डुलायला लागली. समोरासमोरचे दोन कोपरे उचललेले. असलं झाकण विमानाला चालत नाही. दाबून स्क्रू मारले तर आज बसेल, उद्या तडकेल.

आमचे डिझाइनचे सर पुण्याहून आलेले, तिशीच्या आतले. हुशार, पण घाईचे. त्यांनी एक झाकण हातात फिरवलं आणि म्हणाले, "ताई, एखादा थर चुकीच्या कोनात लागलाय."

"न्हाय सर. प्रत्येक थराचा कोन मोजलाय. कागदावर टिक हाय बघा."

"टिक काय, कुणीही करतं."

दुपारी नापास मालाचा फॉर्म माझ्यापुढे आला. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: कामगाराची चूक, थराची दिशा. खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली की कार्ड गेलं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, सही होणार नाही.

"अहो, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"मग तुमीच करा की."

सोमवारपर्यंत विचार करा म्हणाले. विचार कसला डोंबलाचा करायचा होता?

आमच्या घरी तेलुगू बोलतात. वडिलांनी सगळी हयात चादरीच्या मागावर काढली, त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, त्यामुळं त्या संध्याकाळी माहेरी जाऊन मांडलेली माझी सगळी कैफियत बोळातल्या बारा घरांनी ऐकली. वडील शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, कापड कुठल्या विणीचं? म्हटलं, साटनसारखं. मग म्हणाले, तोंड कुणीकडं होतं?

"कसलं तोंड?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला शाळेत परत घालायला हवं. साटनच्या एका अंगावर, म्हणजे तोंडावर, उभे धागे मोकळे पसरलेले असतात, आम्ही त्यांना पडुगु म्हणतो, आणि पाठीकडं आडवे, म्हणजे पेका. दोन्ही अंगांची ओढ वेगळी. चारही थर तोंड वर करून लावलेस तर वरचं अंग एकीकडं खेचणार, खालचं दुसरीकडं, म्हणाले. डुलणार नाही तर काय करणार?

मी विणकराची पोर, आणि हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घरात जन्मभर चादरच बघितली, आणि सोलापूरच्या चादरीला उलटी बाजू नसतेच. खालून रंगांची अदलाबदल होते इतकंच, कुठल्याही अंगानं पांघरा. कापडाला पाठ असते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

सोमवारी मी सरांकडं मुदत संपलेल्या कापडाचा तुकडा मागितला. तो शिकाऊ लोकांसाठी ठेवलेला असतो. "चादर अंथरताय का, ताई?" म्हणाले, पण दिला. ट्यूबलाइटखाली कापड तिरकं धरलं की काळ्यातही उभे धागे चमकतात, त्यावरून तोंड कळतं. त्यातून चार-चार थरांचे दोन नमुने लावले. एकाचे चारही थर तोंड वर. दुसऱ्याचे खालचे दोन तोंड वर, वरचे दोन पालथे. कोन दोन्हीकडं तेच, आणि प्रत्येक कोन मोजताना सरांना शेजारी उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भट्टीतून निघाले, आणि पहिला टेबलावर डुलला. दुसरा मांडी घालून बसल्यासारखा बसला. सरांनी त्याचे चारही कोपरे बोटानं दाबून बघितले, मग परत दाबून बघितले. नंतर आराखडा काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात कोन होते, मापं होती, तोंडाचा शब्द नव्हता.

नवा फॉर्म आला. कारण: कापडाचा दोष.

"कापडानं काय केलं सर? ते विणलं तसं वागलं."

त्यांनी फॉर्म परत ओढून घेतला. मग खोडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: आराखड्यात कापडाची बाजू दिलेली नव्हती. माणूस वाईट नव्हता. मी पेन घेतलं आणि त्याच्याखाली माझी ओळ लिहिली: थर लावताना मलाही बाजू कळायला हवी होती, कळली नाही. मग सही केली.

सरांनी वाचलं. "हे कशाला लिहिलंत? वरच्यांनी वाचलं तर कार्ड जाईल तुमचं."

"माझ्या चुकीनं गेलं तर जाऊ द्या," मी म्हणाले. "तुमच्या चुकीनं जाऊ देणार न्हाय."

वरच्यांनी वाचलं. आठवडाभर मला कडा घासायला बसवलं, नाकातोंडात काळी धूळ जाऊ नये म्हणून मास्क लावून मी त्या घासल्या. मग कार्ड परत मिळालं. सोबत झाकणाचा नवा आराखडा होता, त्यात प्रत्येक थरापुढं एक रकाना वाढलेला: तोंड वर की खाली. त्या कागदावर सरांचं नाव आहे, वरच्यांचं नाव आहे. तो रकाना माझा आहे.