केळीवालीचं मत

नंदुरबार स्टेशनाबाहेर एक बाई केळी विकायची. लढाई, बोलपट, शिकलेल्या सुना, कशावरही तिचं मत तयार असायचं आणि ते सांगताना ती तराजू खाली ठेवायची. गाडीला उशीर असला की आम्ही तिच्याभोवती जमायचो.

"घरमा बशीसन काय भेटस? जवान पोऱ्यास्नी लढाईवर जावाले पाहिजे," असं एकदा तिनं सगळ्यांना ठणकावलं होतं. पुढच्याच महिन्यात तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत भरती झाला. ब्रह्मदेशातून तो परत आला नाही.

लढाई संपल्यावर मी सवयीनं विचारलं, "मावशी, आता स्वराज्य येईल का?"

तिनं मान वर केली नाही.

"मन्हं मत इचारू नको, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्यानी ते आयकी लिधं."