कुसुमचा वायूचा धडा

कुसुमच्या यजमानांचा फोन आला तेव्हा शाळेत प्रार्थना चालू होती. "ताई, कुसुम गेली…" एवढंच ते म्हणाले. मुलांचा सूर पुढे चालला होता आणि मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. दिवाळीनंतर तिचं आजारपण लांबलं होतं, पण रविवारी भेटले तेव्हा उशाला टेकून बसली होती, हसलीसुद्धा होती. आता काही आठवडे उलटलेत, तरी तिच्याबद्दल लिहायला बसलं की मन जातं ते त्या एका धड्यापाशीच.

पांडेसऱ्याच्या मिल-वस्तीतल्या आमच्या मराठी शाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि गुजराती. 'पदार्थाच्या अवस्था' हा धडा म्हणजे त्यांच्यासाठी नुसते अवघड शब्द. कुसुम ते शब्द आधी फळ्यावर लिहायचीच नाही. मुलांना मैदानात नेऊन एकमेकांना घट्ट चिकटून उभं करायची, हा झाला स्थायू. मग हात धरून सरकायला लावायची, हा द्रव. आणि "सुटा!" म्हटलं की सगळी मैदानभर पळत सुटायची. वर्गात आल्यावर कोपऱ्यात उदबत्ती लावून मुलांना डोळे मिटायला सांगायची. वास पोहोचेल त्यानं हात वर करायचा. पुढच्या बाकापासून मागपर्यंत एकेक हात वर येत जायचा… मी कितीदा तरी माझा वर्ग सोडून दारातून ते बघत उभी राहिले आहे.

एका वर्षी सोनलनं हात वर केला नाही. चौथीतली, अबोल मुलगी. तिचे वडील कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये होते आणि काही महिन्यांपूर्वीच वारले होते. सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरले, तिथंच हार्ट अटॅक आला, असं घरच्यांना सांगितलं गेलं होतं. सोनल उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, टाकीतपण वायू असाच भरतो का? पप्पांना काढायला काका उतरले, तर तेपण पडले. दोघांना एकदम अटॅक येतो का?"

कुसुम तिच्या बाकावर शेजारी बसली आणि म्हणाली, "नाही बाळा. मलाही वाटतं, टाकीत वायूच असणार."

मधल्या सुट्टीत तिनं माझ्याकडे येऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोनलचा काका शाळेत आला. आवाज चढवला नाही त्यानं. "बाई, मी अजून तठेच मिलमा कामले शे. पोरगी आसं बोलनी तं माले काढी टाकतीन. तिचं घर मीच चालवतो."

"पण तुम्ही स्वतः आत पडला होतात ना?" कुसुमनं विचारलं.

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला आणि निघून गेला. आठवडाभरात सोनलला मामाकडे नंदुरबारला पाठवून दिलं. जाताना ती कुणाला भेटलीही नाही.

त्यानंतर कुसुम तो धडा पुस्तकातून वाचून दाखवायला लागली. मैदान नाही, उदबत्ती नाही. मी म्हणायचे, अगं, तू खरं तेच सांगितलंस. ती म्हणायची, "खरं मी सांगितलं, पण शाळा तिची सुटली. माहीत नाही म्हणाले असते तर?" कधी चालताना, कधी डबा खाताना, मध्येच हे निघायचं. मला शेवटपर्यंत तिचं समाधान करता आलं नाही.

तेराव्याला जेवणं उरकत आली तेव्हा सोनलचा काका फाटकाशी दिसला. आत यायला तयार होईना, म्हणून मीच बाहेर गेले. म्हणाला, "मिलवाले परत टाकीत उतर म्हणत होते. नाही म्हटलं. काम गेलं, आता कामरेजकडं दुसरं काम बघतोय. त्याच दिवशी पोरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं… तिचा बाप कसा गेला ते. शाळेत जाते ती तिकडं. म्हणाली, हे बाईंना सांगा." त्यानं आत पंगतीकडे पाहिलं. "मी येणारच होतो, ताई. आज येतो, उद्या येतो करत राहिलो…"

मी त्याला पाणी आणून दिलं. 

कुसुमचा वर्ग आता माझ्याकडे आहे. मुलानं काही विचारलं की ती उभ्यानं उत्तर द्यायची नाही. त्याच्या बाकावर त्याला सरकवून शेजारी बसायची, मग बोलायची. हल्ली मीही तशीच बसते. बाक इतका बुटका आहे की गुडघे वर येतात आणि तिथून फळा फार उंच दिसतो…