पूजेनंतर मुका झालेला कॉम्प्युटर
उदबत्ती आणि ओल्या नारळाचा वास एकत्र आला की अजून माझं डोकं तापतं. वेल्ह्याकडच्या ज्या शाळेत मी शिकवायचे, तिथे विंडोजऐवजी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर होता. नीट बंद केला तरच तो मिक्सरमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये, लावलेला आवाज लक्षात ठेवायचा. वीज तोडली की पुन्हा चालू होताना मुका. हे मी मुख्याध्यापकांना कितीदा तरी सांगितलं होतं. गावातल्या एका आजींचं भातलावणीचं गाणं मी रेकॉर्ड केलं होतं आणि ते ऐकायला तालुक्याचे साहेब यायचे होते. आवाज लावून, ऐकून मी साहेबांना आणायला फाटकाशी गेले. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटरची पूजा उरकली, आणि नारळाचं पाणी उडून शॉक बसेल म्हणून आधी मेन स्विचच पाडला; मग कॉम्प्युटर पुन्हा चालू करून ठेवला. साहेबांसमोर गाणं लावलं, तर काहीच ऐकू येईना. "फुकटातलं लिनक्स, दुसरं काय," मुख्याध्यापक हसत म्हणाले. मी मिक्सर उघडून आवाज चढवेपर्यंत साहेब उठलेसुद्धा. ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, म्या गानं म्हनलं व्हतं न्हवं?" आता म्हणे वीज तोडली तरी लावलेला आवाज आपोआप राहतो. राहू दे. तो प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, ते मुख्याध्यापक तेव्हा साहेबांच्या जीपपाशी खोबरं वाटत होते.