ज्याला हवे तेवढे रकाने

काकांच्या हेंद्रेपाड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालायचं. काका म्हणजे माझ्या नात्यातले नव्हेत. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ, आणि सगळेच त्यांना काका म्हणायचे. मी शिरगावात आत्याकडे राहत होते. आमचं गाव परभणीकडचं. आई आजारी पडली तेव्हा नववीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आत्याच्या हाताखाली म्हणून मला इकडे पाठवून दिलं. काकांना टेबलावर बसायला कोणीतरी हवं होतं. त्यांनी मला दोन ओळी लिहायला लावल्या, अक्षर बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये." दाखला नाही, मार्कशीट नाही. ते उपकार मी विसरलेले नाही. पण भीतीही तिथूनच लागली. रोज सकाळी त्यांच्या दाराशी चपला काढताना वाटायचं, आज यांच्या लक्षात येईल की ही काही इथली नव्हे.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा काकांनी उल्हासनगरहून एक जुना कॉम्प्युटर आणला. सोबत करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर. मंडळाची सगळी कार्डं मी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत त्यात घातली. नाव, वय, उंची, रंग, गोत्र, पत्रिका, शिक्षण, नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं, चष्मा आहे की नाही, आवडीनिवडी. काका म्हणाले, "तुझंही घाल. लग्नाचं वय झालंय, लाजतेस कसली?" मग मी माझंही घातलं. शिक्षणाच्या रकान्यात नववी. तो एकच आकडा शोधायला मला वेळ लागला नाही, 9.

यादी छापली की मात्र पंचाईत. कागदाच्या रुंदीत एक मुलगी मावेना, तिच्या तीन तीन ओळी व्हायच्या. माणसं तो लांबलचक कागद मांडीवर पसरून बसत आणि विचारत, "ताई, ही पाच फूट एक कोण? वरची की खालची?" रविवारी माझं डोकं उठायचं.

कॉम्प्युटर विकणारा सिंधी भाईच त्यातले प्रोग्रामही लिहायचा. काकांनी त्याला विचारलं, ज्याला जे हवं तेवढंच छापून देता येईल का?

"क्यों नहीं, अंकल? पार्टी को जो मंगता है वो दो, बाकी रहने दो."

पुढच्या खेपेला त्यानं पडद्यावर सगळ्या रकान्यांची नावं एकाखाली एक आणून दाखवली. लांबट बटण दाबलं की नावापुढे फुली उमटायची. जेवढ्या फुल्या तेवढेच रकाने कागदावर. काका इतके खूश झाले की त्याला आग्रहानं दुसरा चहा पाजला.

मग माझं काम एवढंच उरलं. समोर बसलेल्याला विचारायचं, "काय काय हवं?" पहिल्यांदा लोक बिचकत. असं कोणी तोंडावर विचारलं नव्हतं ना कधी. मुलाची आई म्हणायची, "आमची तशी काही अपेक्षा नाही हो." आणि मग उंची, रंग, शिक्षण, नोकरी, एकेक फुली मारून घ्यायची. मुलीचे वडील मुलांची यादी मागत. त्यांना घराचा रकाना हवाच असायचा. एक गृहस्थ तर म्हणाले, "स्टेशनपासून चालत किती मिनिटं, ते नाही तुमच्यात? मग काय उपयोग?" आवडीनिवडी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. शिक्षण मात्र बहुतेक सगळे मागायचे, आणि ती फुली मारताना मी आपली पडद्याकडेच बघत राहायचे. संध्याकाळपर्यंत माणसं ऐकून ऐकून अंगातलं बळ जायचं. कोण कशाला नको म्हणतंय, हेच दिवसभर.

त्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. आधीच्या माणसाच्या फुल्या तशाच राहायच्या. पुसून नव्यानं माराव्या लागत. भाईला सांगितलं तर, "अगले हफ्ते, दीदी." त्याचा तो हफ्ता काही आला नाही.

एका रविवारी एक म्हातारे गुरुजी नावापुढे फक्त वय, गोत्र आणि पत्रिका एवढीच यादी घेऊन गेले. त्यांच्या मागोमाग एक बाई आल्या, डोक्यावर पदर, सोबत मुलगा. मूळच्या साताऱ्याकडच्या, आता अंबरनाथला. मुलगा तिथंच एमआयडीसीत कामाला. मी विचारलं, "काय काय हवं?" त्यांनी पडद्याकडे बघितलं. "ह्यात हायेत त्या फुल्या कशाच्या?"

"मघाशी आलेल्यांच्या. पुसते मी. तुमची पसंती सांगा. शिक्षण घालू?"

"ऱ्हाऊ दे बाई तसंच. लई वाचायला लावू नका आम्हाला."

मी छापून दिली.

आठवड्यानं दोघं परत आले. बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "ही पोरगी बघायची म्हणतो आम्ही. पत्रिका जुळती. कुठं ऱ्हाती?"

ते बोट माझ्या नावावर होतं. मला नुसतं 'ताई' म्हणून ओळखत होते ते, नावानं नाही.

काकांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "लांब कशाला जाता? समोर बसलीय की!"

बाई हसल्या. मुलानं मान खाली घातली आणि परत वर केली. मला तो बरा वाटला, हे सांगायला आता काय हरकत आहे. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, नखं काळी. समोरच्यांनी नाही म्हणू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. पण त्या कागदावर शिक्षण नव्हतं. त्यांनी नको म्हटलं होतं, की आळसानं राहू दिलं होतं, हे मला कळत नव्हतं.

"त्यात शिक्षण नव्हतं," मी म्हटलं. "मी नववीपर्यंतच आहे. नववी पास पण नाही."

"अगं, विचारलं का कोणी तुला?" काका म्हणाले.

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. मुलगाच बोलला, "मग हे कॉम्प्युटरचं?"

"इथंच शिकले. काकांनी बसवलं म्हणून."

"आमचा बारावी हाये," बाई सावकाश म्हणाल्या. "त्याला दहावी तरी पाहिजे हुती. पुढं पोराबाळांचा अभ्यास कोण घेणार, सांगा?" मग उठल्या. "कळवतो."

मुलगा दारात क्षणभर थांबला. मग आईच्या मागोमाग गेला.

ते गेल्यावर काका खुर्चीत मागे रेलले. "घरी येऊन, चहा पिऊन, मग कळलं असतं तर चाललं नसतं? माणूस आधी बघू दे की त्यांना."

"मग ते 'नाही' आत्याच्या घरी, सगळ्यांसमोर म्हणाले असते, काका."

मी उठले. बाहेर चौघं जण थांबले होते, त्यांना आत घेतलं.

कळवतो म्हणून गेलेले कळवत नाहीत, हे त्या टेबलावर बसून मला चांगलं माहीत झालं होतं. तरी दोन रविवार मी दाराकडे बघत काढले. तिसऱ्या रविवारी त्या बाई आल्या. एकट्याच. रांगेत बसल्या, पाळी आली तेव्हा पुढे झाल्या. मी रोजच्यासारखं विचारलं.

"शिक्षण घाला," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, नजर न चुकवता. "राग धरू नको, पोरी. त्याच्या मनात हुतं. मीच न्हाई म्हणले. तुला सांगायला पायजे म्हणून आले, नायतर पत्रानं बी यादी मागवली असती."

"नाही मावशी, राग कसला."

आणि खरंच राग नव्हता. फुली मारली. प्रिंटर सुरू झाला. यादीत माझीही ओळ निघाली, शिक्षणासकट. बाईंनी कागद हातात घेतला, तिथंच उभं राहून वाचला आणि माझ्या ओळीशी आल्यावर डोळे पुढे नेले. मग पदर सारखा करून माझ्या हातावर हात ठेवला, जड आणि खरबरीत. मुद्दाम येऊन तोंडावर नाही म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.