दंडाचा पट्टा

चौतीस वर्षं दवाखान्यात काढून सिस्टर निवृत्त झाल्या आणि लगेच परदेशातल्या एका आडगावी स्वयंसेवक म्हणून निघाल्या. "या वयात कशाला ही उठाठेव?" सुनेनं विचारलं, तर म्हणाल्या, "घरी बसून तुझ्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं."

तिथे शाळेच्या खोलीत त्या लोकांचा रक्तदाब तपासून गोळ्या द्यायच्या. गावकऱ्यांची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून दोन्हीकडचं बोलणं शाळेतले मास्तर समजावून सांगायचे. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. त्यांना तिथे पाठवणाऱ्या संस्थेला रोज फोन केला, तर रोज "पाठवतोय" एवढंच उत्तर मिळायचं.

टोपल्या विणणारी एक म्हातारी तरीही रोज चालत यायची. तिचा दाब दोनशेच्या वर होता. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आजींना सांगा, गोळ्या आल्या की निरोप देते. उगाच उन्हात पायपीट नको."

म्हातारी हसून काहीतरी बोलली. मास्तर ओशाळले. "त्या म्हणतात, गोळ्या नसल्या तरी चालेल. हा पट्टा दंडाला आवळला की डोकं हलकं होतं. यालाच उपचार समजतायत त्या."

सिस्टरांनी पट्टा बांधला आणि आकडा वहीत लिहिला.

सिस्टरांची तिथली मुदत संपली तरी गोळ्या आल्या नाहीत. मास्तरांना दाब मोजायला शिकवून सिस्टर परतल्या. महिन्याभरानं मास्तरांचा फोन आला. म्हातारीचं उजवं अंग लुळं पडलं होतं.

"मुलगा तिला पाठीवर घेऊन येतो. पट्टा बांधा म्हणतो. काय करू?"

सिस्टर म्हणाल्या, "बांधा."