शेठ-शेठाणीचं बिऱ्हाड

हरेशच्या घरी मासे आहेत म्हटल्यावर त्याच्या गावचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, कालवण कधी? गाव पेणजवळच्या खाडीकाठचं, माणसं पिढ्यान् पिढ्या मिठागरात राबलेली. तिथे मासा ताटात पडतो, काचेत नाही. हरेशची आई सीताबाई तर एकच पालुपद लावून होती, "मासा खावाचा असतो रं, त्याला बघत काय बसाचा?" हरेश हसायचा आणि फडकं घेऊन काच पुसायला लागायचा.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते रोह्याजवळ, धाटावच्या कंपनीत. तिथले एक साहेब बदली होऊन निघाले आणि घरातली खाऱ्या पाण्याची टाकी कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघत होते. हरेश नुसता वाकून बघायला गेला, आणि टाकी त्याच्याच गळ्यात पडली. आत क्लाऊनफिशची जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मादी मोठी, नर लहान. ती पुढे, हा निमूट मागे. बायकोने, मृणालीने, त्यांचं बारसंच केलं, शेठाणी आणि शेठ. तेव्हापासून पेणच्या भाड्याच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला हरेश आधी या दोघांपुढे उभा राहायचा, चहा मग. त्यांच्याशी काय बोलायचा ते मृणालीने कधी विचारलं नाही, नवरा खूश आहे एवढं तिला पुरे होतं.

आणि आता रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, हरेशने स्वतःची जागा घेतली होती. तिथे भिंतीशी मोठी टाकी बसवून, समुद्राच्या पाण्यासारखं पाणी करून ते मुरत ठेवलं होतं. वास्तूच्या आधी सामान आत गेलं म्हणून सीताबाई कुरकुरली, तेव्हा "ती टाकी भिंतीतच धरायची, आई," असं सांगून त्याने वेळ मारून नेली. पण पुढची अट तिने सोडली नाही. नव्या घरात पहिलं मीठ आणि पाणी जातं, मग बाकीचं. ही रीत सगळीकडचीच, पण मीठ काढणाऱ्यांच्या घरात ती जास्त कडक.

त्यात हे मीठ साधं नव्हतं. हरेशचे वडील रघू यांच्या शेवटच्या हंगामातलं होतं. त्यानंतरच्या एका उधाणाला बांधाला खांड पडली, वाफ्यांत खाडी शिरली ती परत गेलीच नाही, आणि पाठोपाठ रघूही गेले. उरलेलं मीठ सीताबाईने बरणीत जपलं होतं, पोराच्या स्वतःच्या घरासाठी. त्यातलं शेवटचं आज फडक्यात बांधून, एका हातात ती पुरचुंडी आणि मांडीवर पाण्याचा कलश घेऊन ती सखाच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत पुढे बसली होती. सखा हरेशचा शाळेपासूनचा दोस्त. हरेश मागे, बादली पायांत धरून. बादलीत शेठ-शेठाणी, झाकणावर बॅटरीचा हवापंप, आणि हरेशच्या पोटात आनंदाच्या नुसत्या उकळ्या. आपलं घर, आपली टाकी, आणि आपली माणसं, म्हणजे मासे धरून.

कासू गाव मागे पडलं आणि सखाने एक खड्डा चुकवला तो दुसऱ्यात घालायला. हरेश उडाला, बादली कलंडली, झाकण निघालं. त्याने झडप घालून बादली सरळ केली तोवर पाणी फळ्यांतून रस्त्यावर गेलं होतं. तळाला चार बोटं उरलं होतं. शेठाणी आडवी धडपडत होती आणि शेठ नुसता पडून होता.

"सखा, थांबव. जादा पाण्याचा कॅन दे."

सखाने सगळं सामान उलटंपालटं केलं. कॅन पेणच्या जिन्यातच राहिला होता. जादा पाणी आठवणीने भरायचं आणि न्यायचं विसरायचं, हे हरेशलाच जमावं.

गोडं पाणी घातलं तर मासे मरणार आणि नाही घातलं तरी मरणार. पुढे आईच्या हातात मीठ होतं, मांडीवर पाणी होतं. त्याने ते पाहिलं आणि नजर फिरवली. मागायला त्याची जीभ रेटेना.

सीताबाई खाली उतरून बादलीशी आली होती. तिने आत डोकावलं, मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "रडतंस काय? बाटली आन," ती म्हणाली आणि दातांनी पुरचुंडीची गाठ सोडली.

"आई, बाबांचं मीठ हाय."

"म्हायत हाय मला. मीच ठेवलाय."

कलशातलं पाणी बाटलीत गेलं, मागून मूठमूठ मीठ गेलं. जाड खडे लवकर विरघळेनात, तेव्हा तिघांनी आळीपाळीने बाटली हलवली. हरेशने चाखून पाहिलं, अजून थोडं घातलं, परत चाखलं. भरतीच्या वेळी खाडीत डुंबताना तोंडात जायचं ते पाणी त्याच्या जिभेला पक्कं ठाऊक होतं. मग धार धरून हळूहळू तो बादलीत ओतत राहिला. शेठाणी सरळ झाली. शेठने कल्ले हलवले. हरेशने इतका मोठा श्वास सोडला की सखाला हसू आलं.

अष्टमीत दारात मृणाली आणि मुलगी मनस्वी ताट घेऊन उभ्या होत्या. सासूच्या हातात रिकामा कलश पाहून मृणाली गडबडली. "आई, मीठपाणी कुठाय? खालून मिठाची पुडी आणू का?"

"आगरवाल्याच्या घरात पुडीचा मीठ? नाय गो. मीठ ह्यात हाय, पानी पन ह्यातच हाय," म्हणत सीताबाईने बादलीला हळदकुंकू लावलं. कडी एका बाजूने तिने धरली, दुसऱ्या बाजूने हरेशने, आणि मायलेक उंबरा ओलांडून आत गेले. सकाळी आधी मासे की आधी मीठ म्हणून दोघांनी केवढं भांडण केलं होतं.

मोठ्या टाकीतलं पाणी वाटीवाटीने बादलीत घालून हरेशने जोडीला नव्या पाण्याची सवय केली, मग जाळीने दोघांना आत सोडलं. शेठाणीने कोपरान् कोपरा तपासला. शेठ बिचकला, मग मागे लागला. मनस्वी टाळ्या पिटत राहिली आणि हरेशला डोळे पुसायलाही वेळ मिळेना.

"आता बादलीतल्या पान्याचा काय करणार?" सीताबाईने विचारलं.

प्रवासातलं पाणी टाकीत कधी घालायचं नाही, फेकून द्यायचं. हा नियम हरेशने इतकी वर्षं पाळला होता, धुतल्याशिवाय कुणाला टाकीत बोटही घालू दिलं नव्हतं. सांगायला त्याने तोंड उघडलं. आई बादलीकडेच बघत होती.

त्याने तांब्या बुडवला आणि बाबांचं मीठ टाकीत ओतलं.