मशीन थांबायची तेव्हा

आपांच्या साहित्य मंडळात टाळ्या वाजवायच्या नाहीत असा दंडक होता. 'वा' म्हणायलाही बंदी. आम्ही तर कुणीतरी 'वा' म्हणावं म्हणूनच लिहीत होतो, त्यामुळे पहिल्याच रविवारी निम्मे कवी गळाले.

पोंभुर्ण्यात आपांचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. आम्ही वाचायचो आणि आपा मशीन चालवत ऐकायच्या. "हात रिकामे असले का मानूस उगाच मुंडी हालवते," असं त्यांचं म्हणणं. एखादी ओळ काळजाला भिडली की मात्र त्यांचा पाय आपोआप थांबायचा. मशीन बंद पडली की लिहिणाऱ्याने काय ते समजायचं. कंटाळा आला तर हीच मशीन असा वेग घ्यायची, की एका निवृत्त मास्तरांची वसंतावरची कविता दोन कडव्यांतच आटोपली.

मारोतीभाऊ तलावात मासे धरणारे. लाजून दारातच बसायचे. त्याच तलावात बुडालेल्या धाकट्या भावाबद्दल त्यांनी अडखळत वाचलं, त्या दिवशी मशीन थांबली ती थांबलीच. ब्लाउज न्यायला आलेली बाई तडकली, "आपा, माह्या घरी लगन आहे अन् तुम्ही काय आयकत बसल्या?" आपांनी तिलाही बसवून घेतलं. मग मारोतीभाऊंना एवढंच विचारलं, "मंग काय झालं?" त्यांचं कौतुक म्हणजे हा प्रश्न. त्याचं उत्तर पुढच्या रविवारी लिहून आणायचं, नाहीतर चहा नाही. अशाने माणसं लिहिती झाली.

माझ्यासाठी मात्र मशीन कधी थांबली नाही. मी तहसिलात कारकून, आणि लिहायचो जंगलावर, चांदण्यावर. आपा म्हणायच्या, "अरे, मोह अन् पळस मले खिडकीतून दिसते. तू कुठी आहेस यात? तुह्या मायवर काऊन नाई लिहीत?" आई मी लहान असताना गेली होती. मला आपांचा राग यायचा. तरी रविवारी सगळ्यांच्या आधी मीच हजर.

शेवटी आईवर लिहायला घेतलं, आणि त्याच आठवड्यात आपांना अर्धांगवायू झाला. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

मी कागद घेऊन खाटेजवळ बसलो. खोली इतकी गप्प होती की माझ्या तोंडून शब्द फुटेना. मारोतीभाऊ उठले, मशीनवर बसले आणि कापड नसताना पायडल मारू लागले. "वाच आता," म्हणाले. मी वाचू लागलो. तापाने फणफणलेल्या आईला घेऊन निघालेली बैलबंडी भरल्या नाल्यापाशी अडली, एवढंच मला लिहिता आलं होतं. तिथवर आलो आणि आपांनी डावा हात जरासा उचलला. मारोतीभाऊंचा पाय थांबला.

"आवडलं का, आपा? का आवाजाचा तरास होते?" मी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तर आजकाल दिवसभर वाहतं, असं त्यांची लेक म्हणाली. मी पुन्हा पुन्हा विचारलं. तो हात परत उचलला गेला नाही.

थोड्याच दिवसांत आपा गेल्या. मंडळही त्यांच्यामागे टिकलं नाही. आम्ही एकमेकांना 'वा' म्हणू लागलो होतो.

मी अजून लिहितो. आईची बंडी मात्र नाल्यापाशीच उभी आहे. पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, पण आपांनी विचारल्याशिवाय ते सांगायचं बळ माझ्यात नाही.